लेंडलला आम्ही उगाच 'यंत्र' म्हणायचो

आमच्या वयाच्या टेनिसवेड्यांत ऐंशीच्या दशकातला इव्हान लेंडल आवडणारा माणूस विरळाच. बेकर झेपावायचा, मॅकेन्रो पंचांशी भांडायचा, एडबर्ग नुसता चालला तरी देखणा दिसायचा. आणि हा? खिशातून लाकडाचा भुसा काढून मुठीला चोळायचा आणि दगडी चेहऱ्याने फोरहँड हाणत राहायचा. मीही नाक मुरडलंय, खोटं कशाला बोलू!

पण ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, आपल्या पहिल्या चारही अंतिम सामन्यांत हा माणूस हरला होता. ऐनवेळी कच खातो, असा शिक्काच बसला. १९८४ला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या फायनलला मॅकेन्रोने पहिले दोन सेट घेतले तेव्हा आता पाचवी हार, असंच सगळ्यांना वाटलं असणार. तिथून तो जिंकला. पुढे एकूण ८ ग्रँड स्लॅम, २७० आठवडे अव्वल क्रमांक, १९८२ ते १९८९ यूएस ओपनच्या सलग ८ फायनल.

विंबल्डन मात्र नाहीच. १९८६ला बेकरने, १९८७ला पॅट कॅशने फायनलमध्ये हरवलं. मग १९९०ला याने काय करावं? तीनदा जिंकलेली फ्रेंच ओपन सोडून दिली आणि विंबल्डनसाठी हिरवळीवर सराव करत बसला. उपांत्य फेरीत एडबर्गने सरळ सेटमध्ये घरी पाठवला. यंत्र असला हट्ट करतं का हो?

१९९४ला पाठदुखीने खेळ थांबला. मग गोल्फ. टेनिसकडे बरीच वर्षं पाठच फिरवलेली. २०११ संपता संपता ब्रिटनच्या अँडी मरेने त्याला कोच केलं. मरे तोवर ग्रँड स्लॅमच्या तीन फायनल हरलेला, २०१२च्या विंबल्डनला फेडररकडून चौथीही हरला आणि सगळ्यांसमोर रडला. गुरूइतक्याच हारी झाल्या!

फोरहँड आक्रमक करा, हे सांगणारे कोच पुष्कळ मिळतात. चार फायनल हरल्यावर पाचवीला कसं उतरायचं, हे अंगावर घेतलेला माणूस कुठून आणणार? महिन्याभरात मरेने त्याच कोर्टवर फेडररला हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, सप्टेंबरात यूएस ओपन. (लेंडल म्हणजे जादूची कांडी नव्हे. जर्मनीच्या झ्वेरेव्हने त्याच्यासोबत २०१८ची एटीपी फायनल्स ही वर्षअखेरची स्पर्धा जिंकली, पण पुढच्याच वर्षी दोघांचं फाटलं.)

७ जुलै २०१३. विंबल्डनची फायनल, मरे ४०-०, तीन मॅचपॉइंट, म्हणजे एक गुण मिळाला की सामना खिशात. जोकोविचने तिन्ही वाचवले. पुरुषांत आपला विजेता व्हावा म्हणून ब्रिटन ७७ वर्षं वाट बघत होतं, अख्खं सेंटर कोर्ट उभं, आणि मला राहून राहून कोचच्या बॉक्समधल्या त्या दगडी चेहऱ्याकडेच बघावंसं वाटत होतं. चौथ्या मॅचपॉइंटला मरे जिंकला. नंतर तो म्हणाला, लेंडलला हे स्वतः जिंकायला जास्त आवडलं असतं, पण त्याखालोखाल हेच. मला ते 'खालोखाल' फार खरं वाटलं.