दहा रुपयांची पावती

गेल्या शनिवारी मी स्वतःला पार्क करायचे दहा रुपये भरले. रक्कम मोठी नाही, मान्य. पण अजून घशाखाली उतरलेली नाही.

साडूभाऊंची साठी होती, इथे इंदुरात, न्यू पलासियातल्या एका हॉटेलात. बायको दुपारीच बहिणीकडे गेलेली, स्कूटर चिरंजीवांकडे. मला त्याआधी सीतलामाता बाजारातून फॉल लावून ठेवलेली साडी घ्यायची होती. राजवाड्यापासून पलासिया तीनेक किलोमीटर, संध्याकाळची हवा बरी. म्हटलं, जाऊ चालत. नाहीतरी तिकडे गाडी नेली की अर्धा तास ती लावायला जागा शोधण्यातच जातो.

कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत मजेत गेलो. पुढे फुटपाथ सुरू झाला. फुटपाथ आहे हो, नाही असं नाही. त्यावर आधी स्कूटरी, मग लेहंगा घातलेली बिनडोक्याची बाहुली, मग मोमोची गाडी, आणि मोमो खाणाऱ्यांच्या स्कूटरी. मधोमध अंधांसाठी पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी. ती मी मोठ्या विश्वासाने धरली. तिने मला नेऊन थेट विजेच्या डीपीसमोर उभं केलं. डीपीवर कवटीचं चित्र होतं.

गांधी हॉलपर्यंत तीन ओळखीचे भेटले. तिघांनीही गाडी हळू करून एकच विचारलं, ‘भिया, गाड़ी खराब हो गई क्या?’ एकाने तर टोचनची तयारी दाखवली. मी एकटा माणूस, हातात साडीची पिशवी. ओढायचं काय, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

या शहरात एकेकाळी पायी हिंडण्याला मान होता. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इथे आला होता. प्लेगचे दिवस. गल्लीबोळ पायाखाली घालून त्याने 1918 साली दरबाराला भलाथोरला अहवाल दिला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, जरूर तेवढीच काटछाट करा, असं त्याचं म्हणणं. त्याची एक दिवाळीची मिरवणूक तर प्रसिद्ध आहे: जिथली घरं नि रस्ते सगळ्यात स्वच्छ, तिथूनच ती जाणार, असं त्याने जाहीर केलं आणि लोक झाडू घेऊन धावले. तो धडा आम्ही पक्का गिरवला. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर सोडलेला नाही. पण गेडिससाहेब परवा शास्त्री पुलाशी असते, तर माझ्यासारखेच पाऊल पुढे-मागे करत उभे असते. इथे खाली पडलेला कागद दोन मिनिटांत उचलला जातो. रस्ता ओलांडू पाहणाऱ्या माणसाला मात्र त्यासाठी आधी खाली पडावं लागेल.

असो. रीगल गेलं, पलासिया आलं, छप्पन दुकान गेलं. छप्पनची तर गंमतच आहे. 2020 मध्ये ती खाऊगल्ली नव्याने सजवून फक्त चालणाऱ्यांसाठी केली, आणि तिथे चालायला सगळं इंदूर मोटारीतून येतं.

तर हॉटेल. समोरच्या पायऱ्यांवर जनरेटर ठेवलेला, म्हणून मी फाटकातून आत शिरू लागलो. शिट्टी वाजली. निळा गणवेश, मांडीवर रजिस्टर.

‘अंकल, किधर?’

‘ऊपर. खाना खाने.’

‘गाड़ी?’

‘नहीं है. पैदल आया हूँ.’

‘वो ठीक है,’ तो समजुतीने म्हणाला, ‘पर आए काय से?’

मी पुन्हा सांगितलं. त्याने माझ्यामागे वाकून पाहिलं. मग आवाज खाली आणून, घरच्या माणसाला विचारावं तसं, ‘कहाँ लगाई?’

‘अरे भिया, लगाई ही नहीं! लोग अंदर कैसे जाते हैं?’

‘गाड़ी से बेसमेंट, बेसमेंट से लिफ्ट.’

‘तो मैं भी बेसमेंट से जाता हूँ.’

‘रैंप पे पैदल अलाउड नहीं है ना.’

म्हणजे आत जायचा रस्ता एकच, आणि त्यावर पाय ठेवायला बंदी. मागे एक लांबलचक मोटार येऊन हॉर्न वाजवू लागली. गार्डने तिला सलाम ठोकला, मला कोपराने बाजूला केलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

‘सर, एक अंकल हैं. बिना गाड़ी के.’ खरखर. ‘नहीं सर, अकेले.’ खरखर. माझ्याकडे एकदा नीट बघून, ‘नहीं सर, होश में हैं.’

वरून हुकूम आला: एंट्री करून सोड. आता रजिस्टरात रकाने तीनच. वेळ, गाडी नंबर, दोन चाकी की चार चाकी. तो पेन चावत बसला. मग त्याची नजर माझ्या चपलांवर गेली आणि चेहरा उजळला.

‘दो पे कर देता हूँ. दस रुपया.’

मी भांडायला हवं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मागे चार मोटारी साचल्या होत्या आणि चारही मीच अडवल्यासारख्या केकाटत होत्या. दिले दहा रुपये. वर त्या गृहस्थाने शिट्टी फुंकत मला रॅम्पवरून खाली उतरवलं. ‘आने दो, आने दो, थोड़ा लेफ्ट काट के... बस!’ मी खरोखर लेफ्ट काटलं हो. लिफ्टच्या दाराशी त्याने बोनेटवर मारावी तशी माझ्या खांद्यावर थाप मारली.

वर साडूभाऊ म्हणाले, ‘अहो, एक फोन करायचा, गाडी पाठवली असती!’ मग जरा बाजूला घेऊन, ‘सगळं ठीक आहे ना?’ मावसबहिणीने बायकोला विचारलं, स्कूटर विकली का. बायकोने पनीर टिक्क्यावरून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. साडीचा फॉल मात्र चांगला लावला होता.

या सगळ्यांना मी बीआरटीएस या बसमार्गाची आठवण करून देणार होतो. 2013 साली सुरू झाला, बसला वेगळी वाट मिळाली, आणि मोटारवाल्यांना बारा वर्षं ती वाटच डोळ्यांत खुपली. 2025 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने काढायलाही घेतला. पण गुलाबजाम आले. आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावर माझ्या बाजूचं कुणी नव्हतं. मीही बहुधा नसतो, स्कूटर घरी असती तर.

रात्री साडूभाऊंच्याच मोटारीतून निघालो. फाटकाशी दुसरा गार्ड होता. त्याला मी उगाच, इमानदारी म्हणून, पावती दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, मग मला.

‘ये तो दो-पहिया की है. गाड़ी अंदर छोड़ के जा रहे हो क्या?’

पावती अजून पाकिटात आहे. गाडी नंबरच्या जागी पहिल्या गार्डने व्यवस्थित, ठळक अक्षरात लिहिलंय: ‘खुद’.