कोडीला एक रात्र पुरत नाही

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं कोडी म्हणजे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाताना फक्त रात्री टेकायचं गाव, असं तुमच्या प्रवासलेखात म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. आम्ही दोन रात्री राहिलो, तरी वेळ कमीच पडला.

हे गाव वसवणाऱ्यांपैकी एक, प्रसिद्ध कलाकार बफेलो बिल, याच्या नावाच्या केंद्रात एकाच छताखाली पाच संग्रहालयं आहेत. त्यातलं प्लेन्स इंडियन, म्हणजे अमेरिकेच्या मैदानी भागातल्या मूळ रहिवाशांचं, दालन आधी बघा, तिथे घाई नको. जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ (घोड्याबैलांवरच्या कसरतींचा खेळ) असतो, मुलांना आवडेल. १९०२ सालचं अर्मा हॉटेलही आत डोकावण्यासारखं आहे.

पण लेखात हार्ट माउंटनच्या छावणीचा उल्लेखच नाही, याचं फार वाईट वाटलं. पॉवेलच्या रस्त्यावर, गावापासून वीसेक किलोमीटरवर ही छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या चौदा हजारांवर लोकांना इथे डांबलं होतं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक! छावणीच्या इस्पितळाचं विटांचं धुरांडं अजून उभं आहे. माळावर वारा सोसाट्याचा असतो. तिथे उभं राहिलं की डांबरी कागद लावलेल्या खोल्यांत लहान लेकरांनी थंडी कशी काढली असेल, हाच विचार मनात येतो. माझी आई तर कितीतरी वेळ बोललीच नाही.

कृपया लेखात ही जागा जोडा. आणि जाणाऱ्यांनी निदान अर्धा दिवस तरी तिच्यासाठी ठेवावा.