अथेन्सची लोकशाही भत्त्यांनी बुडाली नाही

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर हमखास फिरू लागतो. 'अथेन्सची लोकशाही दोनशे वर्षंच टिकली. तिजोरीतून आपणच आपल्याला पैसे वाटून घेता येतात हे मतदारांना कळलं, तिजोरी रिकामी झाली आणि हुकूमशाही आली.' खाली नाव अलेक्झांडर टायटलर या स्कॉटिश इतिहासकाराचं. इथल्या योजनांवर हवा तेवढा वाद घालावा, पण साक्षीला अथेन्सला उभं केलं तर उलटतपासणीही होणार.

आधी नाव. टायटलर १८१३ साली वारला. हे अवतरण त्याच्या लिखाणात सापडत नाही. ते छापलेलं दिसू लागतं विसाव्या शतकाच्या मध्याला, अमेरिकी वृत्तपत्रांत. अर्थात खोट्या सहीखाली खरी गोष्टही असू शकते, म्हणून पुढे जाऊ.

मतदारांनी 'वाटून घेतलेले' पैसे कोणते? इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला पेरिक्लीस या अथेन्सच्या नेत्याने न्यायालयात बसणाऱ्या ज्यूरींना दिवसाला दोन ओबोल (छोटी नाणी) भत्ता सुरू केला. पुढे क्लिऑनने तो तीन केला. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, आणि एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे जे हिशेब दगडावर कोरलेले आहेत त्यांत कारागिराची रोजंदारी एक द्राख्मा आहे. म्हणजे ज्यूरीला अर्धी मजुरी, तीही खटल्याला बसला त्याच दिवसाची. इ.स.पू. ४०३ नंतर नागरिकांच्या सभेला येण्याचाही भत्ता सुरू झाला. उशिरा पोचलेला हात हलवत परत जाई. रोजंदारी बुडवून राज्यकारभार करायला गरीब माणूस येणार कसा, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. भत्ता नसता तर सभेत उरले असते ते शेती आणि गुलाम बाळगणारेच. काम न करता मिळणारी मदत होती, पण ती अपंगांना: दिवसाला एक ओबोल, नंतर दोन. मालमत्ता तीनशे द्राख्मांपेक्षा कमी असायला हवी, आणि लाभार्थींची तपासणी खुद्द पाचशेंची परिषद करायची.

बरं, अशा वाटपाला अथेन्सचे मतदार भुलायचेच का? इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा वाटण्याचा प्रस्ताव होता. थेमिस्टोक्लीस म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. सभेने त्याचं ऐकलं. तीच जहाजं इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसला पर्शियाच्या आरमाराशी लढली. फॉरवर्ड करणाऱ्यांना हा प्रसंग कसा दिसत नाही, कोण जाणे.

'तिजोरी रिकामी झाली' हा दावा आकड्यांचा आहे, तर आकडेच पाहू. इ.स.पू. ४२२ मध्ये ॲरिस्टोफानिसने रंगमंचावर आणलेल्या 'गांधीलमाशा' या नाटकात एक पात्र हिशेब मांडतं: शहराचं उत्पन्न जवळपास दोन हजार टॅलंट, सहा हजार ज्यूरी, वर्षाला दीडशे टॅलंट भत्ता. एक टॅलंट म्हणजे सहा हजार द्राख्मा. विनोदी नाटक आहे, शिवाय सगळे ज्यूरी तीनशे दिवस बसले असं धरलेला हा कमाल आकडा आहे. तरी तो दहावा हिस्साही होत नाही. (पात्राची तक्रारही हीच, की बाकीचे पैसे जातात कुठे?) आता दुसरी बाजू. एका त्रिरेम युद्धनौकेवर दोनशे माणसं. दिवसाला माणशी एक द्राख्मा धरला तर एक जहाज महिन्याला एक टॅलंट खातं. पोटिडिया या एका शहराच्या वेढ्यावर दोन हजार टॅलंट गेले, असं त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस लिहितो. स्पार्टाशी युद्ध सुरू झालं तेव्हा तिजोरीत शिल्लक सहा हजार होती. त्यानंतर सिसिलीची मोहीम, तिथे आरमारच संपलं. तिजोरी खाल्ली ती युद्धाने.

अथेन्सवर खरा ठपका ठेवायचा तर तो पैसा येत कुठून होता यावर ठेवा. दोस्त शहरांचा सामायिक खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलोस बेटावरून अथेन्सला हलवला गेला आणि वर्गणीची खंडणी झाली. मेलोस बेटाने मान तुकवली नाही, तर इ.स.पू. ४१६ मध्ये तिथले पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली. लॉरिऑनची चांदीही गुलामांनीच खणली. हा आरोप गंभीर आहे, पण फिरत्या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो.

मजकुराच्या बाजूने सगळ्यात वजनदार साक्षीदार अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस. उत्सवांसाठीचा निधी मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध वापरा, असं तो वर्षानुवर्षं सांगत होता आणि लोक टाळत होते. हे खरं आहे, त्यात अथेन्सकरांचा आळसही दिसतो. पण इ.स.पू. ३३९ मध्ये त्याच सभेने तो पैसा युद्धाकडे वळवला, आणि पुढच्याच वर्षी केरोनियाच्या रणांगणावर हार झाली. हरल्यावर शहर दिवाळखोर झालं म्हणावं, तर अथेन्सचा खजिना सांभाळणाऱ्या लायकर्गसच्या कारभारात वार्षिक उत्पन्न बाराशे टॅलंटपर्यंत चढलं.

राहिली हुकूमशाही. इ.स.पू. ४११ मध्ये 'चारशें'च्या गटाने लोकशाही मोडून सत्ता बळकावली, त्यांच्या कार्यक्रमात पदांचे भत्ते बंद करणं अगदी वरती होतं. ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठबळावर 'तीस जण' आले. पंधराशेच्या आसपास माणसं मारली गेली. लोकांनी लोकशाही ४०३ मध्ये परत आणली, भत्त्यांसकट. पेरिक्लीसपासून धरलं तर मधले खंड वगळूनही शतकभर भत्ते आणि लोकशाही एकत्र नांदली. शेवट झाला इ.स.पू. ३२२ मध्ये, मॅसिडोनियाविरुद्धचं बंड फसल्यावर. मॅसिडोनियाचा सेनापती अँटिपॅटर याने बंदराजवळच्या म्युनिकियाच्या टेकडीवर आपली शिबंदी बसवली आणि मतदानाला दोन हजार द्राख्मा मालमत्तेची अट घातली. प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार बारा हजारांहून अधिक नागरिकांचा हक्क गेला, आणि त्यांतल्या काहींना जमिनी देऊन थ्रेसला पाठवण्यात आलं.