ब्रेकचे दिवे लागत होते, मग ब्रेकचा स्विच खराब कसा?

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार पाहिला. ‘सहाशेचा स्विच बदलायला गाडी दोन दिवस ठेवली, अठराशे घेतले. आधी म्हणाले स्टीअरिंगची कॉइल गेली, मग म्हणाले ब्रेक स्विच. ब्रेकचे दिवे तर लागत होते!’ असं तुम्ही लिहिलंय.

गाडी आली होती ती क्रूझ कंट्रोल, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरलेला वेग राखणारी सोय, लागत नाही म्हणून. कॉइल म्हणजे स्टीअरिंग फिरलं तरी त्यावरची बटणं, हॉर्न आणि एअरबॅग यांच्या वायरी जोडलेल्या ठेवणारी गुंडाळी. तिची चूक आमचीच. क्रूझची बटणं स्टीअरिंगवर असतात, म्हणून आमच्या गॅरेजमधल्या मुलाने गाडीला हात लावायच्या आधीच फोनवर कॉइल सांगून टाकली, वर आठ हजारांचा आकडाही. कुणालाही धडकी भरेल. प्रत्यक्षात तुमचा हॉर्न वाजत होता, एअरबॅगचा दिवा पेटलेला नव्हता आणि स्कॅनरवर क्रूझचं प्रत्येक बटण दाबलेलं दिसत होतं. कॉइल ठीक होती. तपासल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, अशी तंबी त्याला दिलीय.

आता दिव्यांचं. त्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो, त्यावर मागचे दिवे लागतात. दुसरा उलटा: पाय नसताना जुळलेला, दाबलं की सुटतो. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोघांनाही विचारतो आणि त्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर क्रूझ लावूच देत नाही. समृद्धीवर १२० ने जाताना ब्रेक दाबल्याचं गाडीला कळलंच नाही तर काय होईल, म्हणून ही सोय. तुमचा दिव्याचा कॉन्टॅक्ट ठणठणीत, दुसरा दगा देणारा.

स्कॅनरवर पी०५०४ कोड आला, म्हणजे हेच दोन सिग्नल जुळत नाहीत. पण वायर तुटली, कपलरला (वायर जोडणाऱ्या प्लगला) गंज चढला किंवा स्विच जागेवरून सरकला, तरी हाच कोड येतो. सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्या कॉन्टॅक्टच्या वायरवर बारा व्होल्ट व्यवस्थित. दुपारी उन्हात उभी केली, तर पेडलला पाय न लावताही व्होल्टेज ये-जा करायला लागलं. कपलर साफ केला, वायर हलवून पाहिली, फरक नाही. शेवटी स्विच काढून टेबलावर हेअर ड्रायरने तापवला आणि मीटर लावला, तेव्हा चोर सापडला. नवा स्विच दुसऱ्या दिवशी आला. शहरात ट्रायल घेता येत नाही, चाळीसच्या खाली तुमचं क्रूझ लागतच नाही; म्हणून सावंगीहून समृद्धीवर गाडी चालवून पाहिली. तो टोल बिलात नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला फोन करायला हवा होता, तो राहिला. माफ करा.

बिलात स्विचचे ६२०, बाकी १,१८० शोधण्याचे. त्यातला एक रुपयाही मी कमी करणार नाही. अंदाजाने काम केलं असतं तर आठ हजारांची कॉइल बसली असती आणि क्रूझ तरीही बंदच राहिलं असतं.

जुना स्विच पाकिटात घालून, गाडीचा नंबर लिहून ठेवलाय. नागपूरहून आलात की या, मीटर लावून दाखवतो. हेअर ड्रायर लागेल, थंड असताना तो अगदी शहाण्यासारखा वागतो.