प्राध्यापकांच्या पेपरांवरच्या त्या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

"सर, हे खरंय का?" एवढंच लिहून एका माजी विद्यार्थिनीने तो मेसेज मला पाठवला. त्याआधी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी काही बोललो नाही, पण ही मुलगी सेटची, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करतेय, तिला याच क्षेत्रात यायचंय, तिच्यापुढे गप्प बसून कसं चालेल.

मेसेज थोडक्यात असा: कॉलेज-विद्यापीठातले प्राध्यापक जे पेपर, म्हणजे संशोधनलेख, छापतात आणि कॉन्फरन्सला वाचतात तो सगळा बनाव आहे. प्रत्येक पेपरमागे त्यांना पैसे मिळतात. दोन-तीन हजार टाकले की कुठलाही पेपर छापून येतो. पेपर म्हणजे कॉपी-पेस्ट. कॉन्फरन्स म्हणजे सरकारी खर्चाने सहल. आणि असल्या संशोधनाचा सामान्य माणसाला काडीचा उपयोग नाही.

मी तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो, वीसेक वर्षं झाली. एकेक मुद्दा घेतो.

"पेपरमागे पैसे मिळतात"

नाही मिळत. काही खासगी विद्यापीठं चांगल्या जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनलेख छापणाऱ्या नियतकालिकात, पेपर आला तर बक्षीस म्हणून काही रक्कम देतात हे खरंय, पण जर्नल लेखकाला मानधन देत नाही, कथा-कवितेला दिवाळी अंक जेवढं देतो तेवढंही नाही. दुसऱ्याचा पेपर तपासून द्यायला, म्हणजे रिव्ह्यू करायला, सहसा काहीच मिळत नाही, तो रात्री जेवणं झाल्यावर बसून फुकट करायचा असतो आणि मी तो आनंदाने करतो कारण माझाही कुणीतरी तसाच तपासलेला असतो.

पैसा उलट दिशेने जातो. आम्ही फुकट लिहायचं, फुकट तपासायचं, बऱ्याचदा कॉपीराइटही प्रकाशकाला लिहून द्यायचा आणि मग तेच वाचायला देशाने पैसे मोजायचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना चांगली आहे, विद्यार्थ्यांना फायदा होतोय, माझी तक्रार योजनेबद्दल नाहीच, पण पेपरातून कोण कमावतं हा प्रश्न असेल तर उत्तर या आकड्यात आहे.

"पैसे टाकले की काहीही छापून येतं"

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते लपवायचं काहीच कारण नाही. मलाही आठवड्याला दोन-तीन मेसेज येतात, 'पेपर पाठवा, तीन दिवसांत छापू, सर्टिफिकेट लगेच'. हा धंदा आहे, आणि आमच्यातलेच लोक त्याचं गिऱ्हाईक आहेत हेही खरंय. का आहेत? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमावलीत एपीआय आलं, म्हणजे बढतीसाठी प्रत्येक गोष्टीचे पॉइंट. पेपरला इतके, सेमिनारला इतके. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकलाही आकडा हवा, कॅसच्या म्हणजे बढतीच्या फायलीलाही आकडा हवा. ज्याला लायब्ररीत धड दोन जर्नल्स मिळत नाहीत, ज्याच्याकडे आठवड्याचे तास, परीक्षेचं काम, इलेक्शन ड्युटी आणि वर एनएसएसचा कॅम्प आहे, त्यालाही तोच आकडा. मग आकडा विकणारी दुकानं उघडली. विकत घेणाऱ्याला मी निर्दोष म्हणत नाही, पण हे रोगाचं मूळ आहे.

आता फॉरवर्डमध्ये जे नाही ते सांगतो. ही घाण उघड्यावर कुणी आणली? प्राध्यापकांनीच. पुणे विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या 'मान्यताप्राप्त' यादीतली जर्नल्स एकेक करून तपासली, पत्ता खरा आहे का, संपादक खरे आहेत का, फीची माहिती दिलीय का. विद्यापीठांनी सुचवलेली आणि स्कोपस-वेब ऑफ सायन्स या जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नसलेली जी जर्नल्स त्यांनी पाहिली त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला, म्हणजे तोही एक पेपरच होता बरं का. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली आणि पुढे चांगल्या जर्नल्सची 'यूजीसी-केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली आणि चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी संस्थांवर आली. मला याची खरंच काळजी वाटते, कारण मोठ्या विद्यापीठात हे जमेल, आमच्यासारख्या गावात कमिटीवर बसणाऱ्यालाही नीट माहिती नसते. यावर बोलायला हवं. 'सगळेच चोर' म्हटलं की हे बोलणंच थांबतं.

"सगळं कॉपी-पेस्ट"

चोरी होते. पकडलीही जाते. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये पेपर मागे घ्यायचा, ४० ते ६० मध्ये पेपर मागे, एक वार्षिक वेतनवाढ बंद आणि दोन वर्षं नवीन विद्यार्थ्याला मार्गदर्शन करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. एक गोष्ट लोकांना माहीत नसते, सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो 'साम्य' असतं, चोरी नाही. संदर्भयादी, नाव देऊन घेतलेले उतारे, सलग १४ शब्दांपर्यंतची सगळीकडे सापडणारी वाक्यं, हे सगळं वगळून मग मोजायचं असतं. त्यामुळे कुणाच्या तरी रिपोर्टचा ३५ टक्क्यांचा स्क्रीनशॉट फिरवून माणसाला बदनाम करायच्या आधी तो रिपोर्ट उघडून रंगवलेल्या ओळी वाचायला हव्यात.

"कॉन्फरन्स म्हणजे सहल"

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला.

आधी हिशोब. यूजीसीच्या नेमणूक-बढतीच्या २०१८ च्या नियमावलीत राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर पेपर वाचला तर २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, परदेशात ७. एक पेपर छापून आला तर विज्ञानात ८, आमच्याकडे कला-सामाजिक शास्त्रात १०. आणि परिषदेतले पेपर-व्याख्यानं अधिक धोरणविषयक दस्तऐवज यांचे मिळून गुण एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरतच नाहीत. म्हणजे नुसतं हिंडून कुणी प्रोफेसर होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कायम नोकरीतल्या माणसाला ड्युटी लीव्ह मिळते, कधी नोंदणी फी मिळते, कधी नाही. पण माझ्या विभागात एक सहकारी आहे, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही. ती कॉन्फरन्सला जाते तेव्हा त्या दिवसाचे तास बुडतात, फी स्वतःची, एसटीचं तिकीट स्वतःचं. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी कुणाच्या तरी रूमवर आवरून ती पेपर वाचायला उभी राहते. याला सहल म्हणायचं?

आता माझा अनुभव. मी आमच्या गावच्या आठवडे बाजारावर काम करत होतो, भाजी विकणाऱ्या बायका भांडवल कुठून आणतात हा विषय. सलग ११ रविवार बाजारात बसलो, पहाटे पाचला गाड्या यायच्या तिथपासून. कर्ज कुणाकडून, व्याज किती, बचत गट आहे का, सगळं विचारलं, तक्ते केले आणि एका राज्यस्तरीय परिषदेत वाचायला गेलो. जेवणानंतरचं सत्र, खोलीत मोजून नऊ माणसं, अध्यक्षांनी १५ मिनिटांची ७ केली. वाचून झालं तर मागच्या बाकावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "सकाळचा माल त्या रोखीने उचलतात का हो?" मी थांबलोच. ते मी विचारलंच नव्हतं. बायका सकाळी अडत्याकडून माल उधार घेतात आणि संध्याकाळी बाजार उठताना पैसे चुकते करतात, त्या बारा तासांच्या उधारीचं व्याज भावातच धरलेलं असतं म्हणून त्या त्याला कर्ज म्हणतच नाहीत, आणि माझ्या तक्त्यात 'कर्ज नाही' या रकान्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. परत आलो, पुन्हा चार रविवार गेलो, पेपर निम्मा नव्याने लिहिला. तो प्रश्न मला घरबसल्या कुणी विचारला नसता. परिषद यासाठी असते.

"सामान्य माणसाला काडीचा उपयोग नाही"

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. तिथे असताना १९४४ मध्ये त्यांनी एक छोटा पेपर छापला, गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर संकरातल्या आकड्यांवरून कसं काढायचं याचा. तेव्हा कुणी विचारलं असतं की पुण्यातल्या गणिताच्या मास्तरच्या या सूत्राचा शेतकऱ्याला काय उपयोग, तर उत्तर देणं अवघड होतं. आज गहू, भात, टोमॅटो कुठल्याही पिकाचा जनुकीय नकाशा करताना 'कोसंबी फंक्शन' वापरतात, सॉफ्टवेअरमध्ये तो पर्यायच त्या नावाने असतो.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर हे तर प्राध्यापकही नव्हते. त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. ३५२४ घ्या, अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्याने २३४५, वजाबाकी ३०८७, पुन्हा ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येते. आता जगभर मुलं हे करून बघतात.

आणि अगदी शेताच्या बांधावरचं हवं असेल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त बैठक होते, तिला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. तिथे शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक आपले नवे वाण, अवजारं, शिफारशी मांडतात, बाकीचे उलटतपासणी घेतात, आकडे कमी पडले तर वाण परत पाठवतात. राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा 'फुले २६५' ऊस ज्याच्या शेतात उभा आहे त्याला संशोधनाचा उपयोग काय हे मी सांगायची गरज नाही.

त्या मुलीला मी हे सगळं लिहून पाठवलं आणि सोबत माझा बाजारावरचा पेपर जोडला. १४ पानांचा आहे, मराठीत आहे. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्या सगळ्यांनाही पाठवायला तयार आहे, कुठे चुकलोय असं वाटलं तर ती ओळ दाखवा, रविवारी बाजारात जाऊन पुन्हा विचारून येईन.