शेवटच्या सुराआधी गाणं बदलणाऱ्यांनो

आज सकाळी पुण्याहून सांगलीला येताना खंबाटकीच्या चढावर माझ्या भाच्यानं एअर सप्लाय या ऑस्ट्रेलियन जोडीचं 'ऑल आउट ऑफ लव्ह' मध्येच बदललं. मध्येच म्हणजे कुठं, तर तो शेवटचा लांब सूर लागायच्या दोन सेकंद आधी. वर मला म्हणतो, "मामा, किती रडतोय हा माणूस!"

गाडी माझी, डिझेल माझं, आणि गाणं बदलणार हा. साताऱ्यापर्यंत मी गप्प होतो. कराडला चहा घेताना त्याला सांगायला गेलो तर तो फोनमध्ये. म्हणून इथं लिहितोय. तुम्हाला तरी कळेल.

अरे, एखाद्यानं जेवणाच्या ताटावरून ताकाची वाटी उचलून न्यावी तसं आहे हे. ते सगळं गाणं त्या शेवटच्या सुरासाठी रचलेलं आहे. आधी हळू, जवळजवळ बोलल्यासारखं सुरू होतं. मग गाणं एकेक पायरी चढत जातं. आणि शेवटी गायक रसेल हिचकॉक एक सूर धरतो आणि सोडतच नाही. १९८० चं गाणं आहे. तो आणि ग्रॅहम रसेल १९७५ साली सिडनीत एका संगीत नाटकाच्या कोरसमध्ये भेटले, तेव्हापासून दोघं एकत्र गातायत. पन्नास वर्षं! आपल्याकडं भावाभावांचं बांधावरून पाच वर्षं पटत नाही.

पण मला राग गाण्यासाठी आला नाही. मला ९२ चं गॅदरिंग आठवलं.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर माझा रूममेट शिलाँगचा होता. सरकारी कोट्यातून आलेला. शिलाँग नकाशात कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, दार्जिलिंगच्या आसपास असेल असं धरून चाललो होतो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक गिटार आणि एक दोनशे पानी वही. वहीत गाणी. शब्द निळ्या शाईत, वर कॉर्ड लाल शाईत. कॅसेट मागंपुढं करून करून उतरवून घेतलेली. जर्नी, फॉरेनर, स्कॉर्पिअन्स, हार्ट, सगळे परदेशी रॉक बँड. आम्ही तासगावकडची मराठी मीडियमची पोरं. 'ऑल आउट' म्हणजे आमच्या लेखी टीम ऑल आउट. (भाच्याच्या लेखी डास मारायचं लिक्विड.) संध्याकाळी सहाला तो गॅलरीत बसून गायला लागला की आम्ही आत उशीत तोंड खुपसून हसायचो. त्याला आम्ही काय नावानं हाक मारायचो ते इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही मारायचात.

आता कोणीतरी म्हणेलच की ही गाणी चिकट आहेत. आहेत! सिंथेसायझर जरा जास्तच आहे, व्हिडिओत समोर पंखा लावून केस उडवलेत, हेही मान्य. झालं समाधान? पुढं जाऊ.

मला सांगा, आपल्या आजोबांच्या पिढीनं बालगंधर्वांना वन्स मोअरवर वन्स मोअर दिले, एकेका ओळीत रात्र घालवली. ती रसिकता. आणि एका गोऱ्यानं चार मिनिटांच्या गाण्यात एक सूर दमभर धरला, तर तो रडका? टाहो फोडणं ही काय फक्त आपल्या रंगभूमीची मक्तेदारी आहे का? फॉरेनरचं 'आय वाँट टू नो व्हॉट लव्ह इज' ऐका कधी नीट. एक धटिंगण रॉक बँड, आणि मागं न्यू जर्सीचा, चर्चची भक्तिगीतं गाणारा अख्खा कोरस उभा केलाय. एकट्याला न पेलणारी गोष्ट मागायची तर मागं गाव लागतं, हे ज्याला सुचलं त्याला चिकट म्हणता?

आणि ज्यांनी नाकं मुरडली त्यांचं काय झालं? जर्नीला समीक्षकांनी 'कॉर्पोरेट रॉक', म्हणजे धंद्यापुरतं संगीत, म्हणून धुतलं होतं. २००७ साली त्यांना गायक मिळेना, तेव्हा त्यांच्या गिटारवाल्या नील शॉननं यूट्यूबवर कोण शोधला, तर फिलिपिन्समधल्या मनिलाचा आर्नेल पिनेडा. लहानपणी आई गेल्यावर रस्त्यावर झोपलेला पोरगा. क्लबमध्ये ह्यांचीच गाणी गाऊन पोट भरत होता. गेला आणि त्यांच्याच स्टेजवर उभा राहिला. समीक्षकांचं कोणी नावही घेत नाही आता. २०१७ साली अमेरिकेत खग्रास ग्रहण लागलं तेव्हा लोकांनी कोणतं गाणं लावलं? बॉनी टायलरचं 'टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट', १९८३ चं. ग्रहण लागेपर्यंत ज्यांना ते 'गिल्टी प्लेझर', म्हणजे चोरून ऐकायचं गाणं, वाटत होतं, त्यांनीच. गिल्टी कसलं डोंबलाचं? आवडतं तर आवडतं म्हणा.

चिडून काही उपयोग नाही. चहा घेऊन आलो.

तर गॅदरिंग. फिशपाँड संपून पोरं फुल फॉर्मात होती आणि हा गिटार घेऊन स्टेजवर आला. 'ऑल आउट ऑफ लव्ह'च. पहिल्या ओळीपासून हुर्यो. "ए बस खाली", शिट्ट्या, मांजराचे आवाज. त्यातली एक शिट्टी माझी होती. चांगली दोन बोटं घालून मारलेली. तो थांबला नाही. शेवटच्या सुराशी आला, सूर धरला आणि मध्येच आवाज फाटला. सगळं मैदान हसलं.

त्यानं काय करावं? मी असतो तर पळालो असतो. त्यानं गिटार थांबवली. माइक स्टँडवरून काढून हातात घेतला. श्वास घेतला आणि नुसता तोच सूर, साथीशिवाय, पुन्हा लावला. आणि धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळात थोडाच असेल. समोरच्या लाइनीतली पोरं शिट्टी वाजवायला घातलेली बोटं तोंडात तशीच ठेवून बसली होती. मग वन्स मोअर आला. खरा.

मला इतकंच म्हणायचंय की ही गाणी गाताना आवाज फाटायची भीती असतेच. ती गाणी तिथंच राहतात, फाटायच्या काठावर. तरण्याताठ्या पोरानं सगळ्यांसमोर 'मला तुझ्यावाचून जमत नाही' असं मोठ्यांदा म्हणायचं म्हणजे काय हे आम्हाला कुठं माहीत होतं. आमच्या घरात तर बाप आईला नावानंही हाक मारत नव्हता.

त्या रात्री मी त्याच्याकडं ती वही मागितली. माफी मागितली नाही, वही मागितली. त्यानं दिली. उतरवून घेतो म्हणालो. दहा-बारा गाणी उतरवलीही, माझ्या स्पेलिंगच्या चुका तो लाल शाईनं दुरुस्त करायचा. मग पीएल म्हणजे अभ्यासाची सुट्टी आली, परीक्षा आल्या, रूम बदलल्या, वही माझ्याकडंच राहिली. २००७ साली स्कॉर्पिअन्स शिलाँगला वाजवून गेले, ते पेपरात वाचलं तेव्हा पहिला विचार आला की हा गर्दीत असणार, आणि वही माझ्या माळ्यावर.

दुपारी घरी पोचल्यावर माळ्यावरून काढली. कोपरे कसरीनं खाल्लेत, पण अक्षर शाबूत आहे. बॅचच्या ग्रुपवर विचारलं, त्याचा नंबर कोणाकडं आहे का. एकानं लिहिलं, "कोण, तो चायनीज का?" खाली तीन हसणारे इमोजी. तेहतीस वर्षं झाली, लेको.

भाच्यावर उगाच चिडलो म्हणायचं.

होस्टेलची जी मंडळी इथं आहेत, त्यांच्यापैकी कोणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर इनबॉक्स करा. नाव इथं जाहीर टाकत नाही, ओळखणारे ओळखतील. वही रजिस्टर्ड पोस्टानं पाठवत नाही, मी स्वतः जाणार आहे.