उलट बाजू दाखवा

मोतीबिंदू काढल्यावर सगळं लख्ख दिसायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आपल्याला लख्ख दिसतंय ही बातमी फुटू देऊ नका, हे मात्र ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या डोळ्याचे थेंब संपले त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी, बैठकीच्या खोलीतून हिची हाक आली, "अहो, एवढा दोरा ओवून द्या हो." मी जवळचा नवा चष्मा लावला आणि ओवला. पहिल्या फटक्यात. दोऱ्याला थुंकीसुद्धा न लावता. खोलीत एकदम शांतता पसरली. अकरा बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. इतक्या कौतुकाने मला मुलगी बघायला गेलो तेव्हाही कोणी पाहिलं नव्हतं. मग कोपऱ्यातून एक हात पुढे आला, त्यात सुई होती. त्याच्यामागून दुसरा. चहा होईपर्यंत मी सत्तावीस सुया ओवल्या. गायकवाडी दरबारात जसे फडणीस आणि चिटणीस असत, तसा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भरणाऱ्या भरतकाम मंडळाचा मी ओवणीस झालो. वंशपरंपरागत नाही, पण तहहयात.

मंडळ दर मंगळवारी साडेतीनला भरतं. आठ जणी मराठी, तीन गुजराती, आणि बोलायला लागल्या की कोण कुठली ते ओळखू येत नाही, कारण बडोद्यात साठ वर्षं काढलेली मराठी बाई 'चालेल' आणि 'चालशे' एकाच वाक्यात वापरते. अध्यक्षीणबाईंना सगळ्या ताई म्हणतात, त्यांच्याहून मोठ्या आहेत त्याही. ताई शाळेत शिवणाच्या बाई होत्या. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यातली सक्ती ताईंनी अजून सोडलेली नाही. भरतकाम चालू असताना लीलो चेवडो उघडायचा नाही, तेलकट बोटं पांढऱ्या कापडाला लागतात. दोरा हाताच्या कोपरापेक्षा लांब घ्यायचा नाही. लडीच्या सहा पदरांतले दोन पाहिजेत तर एकेक करून ओढायचे, दोन्ही एकदम ओढले की गुंता. (मी एकदा एकदम ओढले. आठ मीटरच्या त्या लडीचं जे झालं ते सोडवायला उंधियोच्या पापड्या निवडण्याइतका वेळ गेला.)

आणि मी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो आहे असं कळल्यावर माझ्याकडे सुयांची वहीही आली. सुरुवातीला किती सुया दिल्या, उठताना किती परत आल्या. हे काम मी मनापासून करत असे, कारण बैठक आमच्या घरी असते आणि हरवलेली सुई शेवटी सोफ्यावर बसणाऱ्यालाच सापडते. सोफ्यावर मी बसतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हिला वाटलं, नुसते दोरे काय ओवत बसता, चार टाकेही घाला. मी रुमालाच्या कोपऱ्यावर एक फूल काढलं. पाच पाकळ्या, मध्ये पिवळी गाठ, देठ, पान. तीन आठवडे लागले. खरं सांगतो, फूल बरं झालं होतं. मी ते ताईंच्या हातात दिलं. ताईंनी ते बघितलंच नाही. हातात घेतलं आणि पालथं केलं.

हे मला ठाऊक नव्हतं. भरतकामातल्या बायका तुमचं काम बघत नाहीत, त्याची पाठ बघतात. पुढून नक्षी, पाठीमागून चारित्र्य. माझ्या रुमालाच्या मागच्या बाजूला एका पाकळीवरून दुसरीकडे मारलेल्या लांबलचक उड्या होत्या, पाचसहा गाठी होत्या, आणि एका ठिकाणी दोरा कुठून आला आणि कुठे गेला हे मलाही सांगता आलं नसतं.

"पुढून बरं दिसतंय की," मी म्हणालो.

"पुढून मोरसुद्धा छान दिसतो," ताई म्हणाल्या. "नाचताना मागून बघितलाय कधी?"

रुमाल हातोहात फिरला, पालथाच. मग उसवला गेला. आठवडाभर मी उसवत होतो आणि ताईंना निरुत्तर करण्याचे मार्ग शोधत होतो. पुढच्या मंगळवारी मी खंडेराव महाराजांचा मोत्यांचा गालिचा काढला. म्हणजे विषय काढला. 1865 च्या सुमाराला महाराजांनी तो मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालायला म्हणून करवून घेतला. रेशमावर आणि हरणाच्या मऊ कातड्यावर पंधरा-वीस लाख बसरा मोती, शिवाय हिरे, माणकं, पाचू. 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा मदिनेला पोचलाच नाही. 2009 साली दोह्यात त्याचा लिलाव झाला, जवळजवळ 55 लाख डॉलरला. आपल्या बडोद्याचं भरतकाम! मी हे सगळं एका दमात सांगितलं. बायकांनी सुया थांबवल्या होत्या. दोघींनी "अगं बाई" म्हटलं.

ताईंनी दोरा दाताने तोडला. "मागून कसा आहे?"

"मागून... मागून दाखवत नाहीत."

"हं," ताई म्हणाल्या. वीस लाख मोती त्या एका 'हं'मध्ये गेले.

नोव्हेंबरात फतेगंजच्या बेन एक काम घेऊन आल्या. बेन मूळच्या आणंदकडच्या, ख्रिस्ती. त्या दर नाताळला मंडळासाठी केक आणतात आणि दिवाळीला अकरा घरांतून त्यांच्याकडे चकल्या जातात, त्या त्यांना संपत नाहीत. नाताळ हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच, दोन्हीकडे पोर्तुगिजांनीच ठेवून दिलेला, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. त्यांच्या देवळात झाड उभं करतात, त्यावर टांगायला या वर्षी हाताने केलेल्या वस्तू हव्या होत्या. नंतर त्या मुलांना वाटायच्या. तारे, घंटा, मोजे, देवदूत, गव्हाणीचा देखावा. सगळे मिळून साठ.

कापड, लेस आणि घुंगरू आणायला मला मंगळ बाजारात पाठवलं. तिथल्या गर्दीत लाल फेल्ट आणि हिरव्या फेल्टमध्ये फरक करता येणं हीसुद्धा त्या ऑपरेशनचीच कृपा.

मग ताईंनी कृती समजावली. एकाच आकाराचे दोन तुकडे कापायचे. दोन्हींवर भरतकाम करायचं. पाठीला पाठ लावून कडेने काजाचा टाका घालत यायचं, शेवटी थोडी फट ठेवून आत कापूस कोंबायचा आणि फट बंद करायची.

मी हात वर केला. "म्हणजे उलटी बाजू आत जाणार?"

"आत."

"दोन्ही तुकड्यांची?"

"दोन्ही."

"आणि शिवून टाकायची? कायमची?"

"अहो, किती वेळा सांगू?"

मला एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. इतके महिने शोधत होतो ती कलाप्रकारातली मोकळीक ही होती. त्या दिवशी मी एका तारकेचे दोन तुकडे मागून घेतले आणि मनसोक्त भरले. या टोकावरून त्या टोकावर उड्या मारल्या. गाठ सुटली तर तिच्यावर दुसरी मारली, तीही हलली तर तिसरी. पेनाने काढलेल्या रेषा पुसल्या नाहीत. कापूस कमी पडला तेव्हा हिने माझी उशी उसवून दिली; ती रात्र मी चादरीची गुंडाळी करून काढली, पण आनंदात. तारा पुढून झकास दिसत होता. एक टोक इतरांपेक्षा बोटभर लांब झालं होतं. बेन म्हणाल्या, बेथलेहेमच्या ताऱ्याला चित्रांत तसं लांब टोक काढतातच. मी ते टोक मुद्दामच तसं केलं आहे, असा चेहरा केला.

बाकीच्यांचं मात्र काही धर्मांतर झालेलं दिसत नव्हतं. देवदूतांच्या नाकात नथ आली. एका मोज्याला पैठणीचा काठ लागला, दुसऱ्याला आरशाचे आभले. गव्हाणीतली गाय एका गुजराती काकींनी भरली; तिचं कपाळ फुगीर आणि कान पानासारखे लोंबते, म्हणजे साक्षात गीर गाय. बेन तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या. "काई वांधो नथी," त्या शेवटी म्हणाल्या, "दूध तो आपशे."

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या डोक्यावर काय दाखवायचं यावर अर्धा तास गेला. पूर्वेकडूनच आले ना, मग आपलीच पगडी, असं ठरलं आणि तिघांना बडोदेशाही पगड्या मिळाल्या. बाळाला बघायला नव्हे, दसऱ्याच्या दरबाराला निघाल्यासारखे दिसत होते. त्यातल्या एकाच्या तोंडावर चहा सांडला. आता तिसरा कुठून आणायचा? तेव्हा बेननी सांगितलं की मत्तयच्या शुभवर्तमानात ते किती होते हे लिहिलेलंच नाही. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून लोकांनी माणसं तीन धरली. मला हे फार आवडलं. नग तीन, इसम दोन. असे हिशेब मी पस्तीस वर्षं बसवले आहेत. साठाचे एकोणसाठ झाले आणि वहीत तसं लिहिलं.

23 डिसेंबरला, मंगळवारीच, शेवटची बैठक होती. एकोणसाठ वस्तू कार्डबोर्डच्या खोक्यात रचून झाल्या. चेवडो उघडला. मी सुया मोजल्या. दिल्या चोवीस, आल्या तेवीस.

पुन्हा मोजल्या. तेवीस. सोफा झटकला, सतरंजी झटकली, पदर झटकले. तेवीसच.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा खोक्याकडे वळल्या. कापूस भरताना सुई आत राहिली असली तर? वस्तू लहान मुलांच्या हातात जाणार होत्या. आणि खोक्यावरून फिरून त्या नजरा माझ्यावर आल्या. तेरा-चौदा वस्तू करणाऱ्या बायका खोलीत होत्या, मी एकच तारा केला होता, पण कोणाच्या मनात दुसरं नाव आलंच नाही. हिच्यासुद्धा.

"उघडा," ताई म्हणाल्या.

कात्री चालवली हिनेच. ताऱ्याची पाच टोकं उलगडली, माझ्या उशीतला कापूस बाहेर आला, आणि दोन्ही तुकडे चहाच्या ट्रेवर पालथे पडले. ते वर्णन मी करणार नाही. एक काकू म्हणाल्या, "घरात मांजर आहे का?" ताईंनी चष्मा बदलून पाहिलं, बोटाने एका दोऱ्याचा माग काढत गेल्या, एका गाठीपाशी थांबल्या, परत फिरल्या. "रेल्वेतच होतात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "जंक्शन दिसतंय."

सुई नव्हती.

तेव्हा मला माळ्यावरचा जुना रेडिओ आठवला. तो कधीचा बंद होता, पण स्पीकरमागचा लोहचुंबक अजून चमचे उचलायचा. मी तो काढून आणला आणि एकेक वस्तूवरून फिरवायला लागलो. पहिल्याच घंटेला टक्कन चिकटला. जल्लोष झाला. तिला घुंगरू होतं. दुसरीलाही चिकटला. तिलाही घुंगरू. मी मंगळ बाजारातून पितळी म्हणून आणलेले सगळे घुंगरू लोखंडाचे निघाले, त्यावरही बोलणी खाल्ली, आणि बारा वस्तूंचे घुंगरू कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तारे गेले. मोजे गेले. गीर गाय गेली. दोन्ही ज्ञानी पगडीसकट निर्दोष सुटले. मग देवदूत. एक, दोन, तीन.

चौथ्याला टक्.

तो ताईंचा होता. पांढराशुभ्र, पंखांवर चंदेरी देठाचा टाका, असा की टाक्याला टाका लागून दोरी वळल्यासारखी रेघ. मी चुंबक काढून पुन्हा लावला. पुन्हा टक्.

"घुंगरू असेल," ताई म्हणाल्या.

"याला घुंगरू नव्हतंच."

हिने कात्री उचलली. खरं तर मी उचलणार होतो.

"थांबा," ताई म्हणाल्या. "कापू नका."

"अहो ताई, परत शिवता येईल की. मी दोरा ओवून देतो."

"टाका बिघडतो."

"कडेचाच तर टाका. पाच मिनिटं."

ताईंनी देवदूत माझ्या हातातून घेतला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकून चेन लावली. "हा माझ्याकडे राहू दे. उद्या दुसरा करून देते." कोणी काही बोललं नाही. एका काकूंनी चेवडोची वाटी त्यांच्यापुढे सरकवली, ती त्यांनी घेतली नाही. मंडळाच्या इतिहासात चेवडो पहिल्यांदाच उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच नवा देवदूत आला. शिवून, कापूस भरून, चारी बाजूंनी बंद करून. माझ्या ताऱ्याचे दोन तुकडेही हिने रात्री पुन्हा जोडले होते. हिने त्यांच्यावर एक अस्तर आधी लावलं, का ते मी विचारलं नाही. बेन दहा वाजता खोकं घेऊन गेल्या.

उत्तरायणाला तिळगूळ द्यायला मी ताईंकडे गेलो होतो. गच्चीवरून पतंगवाल्यांचा ओरडा चालू होता. ताई आत वाटी आणायला गेल्या आणि माझं लक्ष काचेच्या कपाटाकडे गेलं. चांदीचा गणपती आणि शाळेने निरोपाला दिलेलं घड्याळ यांच्या मधोमध तो देवदूत टांगलेला होता. कपाटाला कुलूप नव्हतं. कडेचा एक दोरा किंचित सैल वाटत होता. मी हात पुढे केला.

"लावू नका," मागून आवाज आला. "टोचेल."

मी तिळगूळ घेतला. वहीत ती सुई मी अजून 'येणे' दाखवतो.